अकरा महिन्यांचे शहर

मुंबईत घर विकत घ्यावे की भाड्याने राहावे, हा प्रश्न अलीकडे बहुतेक वेळा आकडेमोडीने सोडवला जातो, आणि ही आकडेमोड फारशी अवघडही नाही. मुलुंड किंवा कांदिवलीसारख्या उपनगरात सव्वा कोटीचा वन बीएचके फ्लॅट आहे असे धरू. साठवलेले पैसे, भविष्य निर्वाह निधी आणि आईवडिलांच्या मोडलेल्या मुदत ठेवी यांतून पंचवीस लाख उभे केले आणि उरलेल्या एक कोटीचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८७ हजार रुपये बसतो आणि वीस वर्षांत बँकेला एकूण दोन कोटी आठ लाखांच्या आसपास रक्कम जाते. मुद्रांक शुल्काचे साडेसात लाख आणि नोंदणीचे तीस हजार वेगळे. इमारतीचे बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी त्याहून वेगळा. तसाच फ्लॅट भाड्याने महिना बत्तीस-पस्तीस हजारांत मिळू शकतो, म्हणजे वर्षाचे भाडे घराच्या किमतीच्या तीन-साडेतीन टक्क्यांपलीकडे जात नाही. तेव्हा भाड्याने राहा आणि फरकाचे पन्नास हजार दरमहा म्युच्युअल फंडात टाका, असा सल्ला हिशेबी माणसे देतात. हा सल्ला देणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतःच्या मालकीच्या घरात बसून तो देत असतात, ही गोष्ट सध्या बाजूला ठेवू.

गणितात चूक नाही, पण त्यात एक गोष्ट धरलेलीच नसते. ८७ हजारांच्या हप्त्यात माणूस भिंती आणि छप्पर यांच्या जोडीला आणखी काहीतरी विकत घेत असतो: पुढच्या वर्षीही आपल्याला याच घरात राहता येईल, ही खात्री. मुंबईच्या भाडेबाजारात ती कोणत्याही भावाने मिळत नाही. ती मालकीला जोडूनच विकली जाते. म्हणून घरात येणाऱ्या पैशांपैकी निम्मा पैसा हप्त्यात घालणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला हौशी, परंपरेत अडकलेले किंवा अर्थनिरक्षर ठरवणे मला अन्यायाचे वाटते. समोर जे पर्याय आहेत त्यांतला त्यातल्या त्यात शहाणपणाचा पर्याय ते निवडत असते. दोष पर्यायांचा आहे, आणि ते कायद्याने, सरकारी धोरणाने व गृहनिर्माण संस्थांच्या वागणुकीने घडवलेले आहेत. या शहराला स्वस्त मालकीच्या आधी टिकाऊ भाडेकरार हवेत, असे माझे म्हणणे आहे.

भाड्याने घर घेण्याची रीत जवळून पाहिली की हे कळते. एजंट लॅपटॉप, अंगठ्याचा ठसा घेणारे छोटे यंत्र आणि वेबकॅम घेऊन घरी येतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे आधार क्रमांक भरले जातात, अंगठे टेकवले जातात, फोटो निघतात आणि अर्ध्या-पाऊण तासात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती फक्त राहण्याची परवानगी देणारा, करार नोंदणीसाठी रवाना होतो. नोंदणी कार्यालयात खेटे घालण्याच्या जुन्या त्रासापुढे ही सोय उत्तमच आहे, आणि त्याचे श्रेय महाराष्ट्र सरकारला द्यायला हवे. पण एवढ्या सुबक पद्धतीने नोंदवले जाते ते काय? अकरा महिन्यांची मुदत, ती वाढवणे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर, दोन्ही बाजूंना एका महिन्याची नोटीस, काही महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट, मालकाला विचारल्याशिवाय भिंतीत खिळा न ठोकण्याची अट, आणि या करारामुळे भाडेकरूपणाचा कसलाही हक्क निर्माण होत नाही असे बजावणारे कलम. दलालाला एका महिन्याचे भाडे. मग सोसायटीचे ना हरकत पत्र, पोलीस ठाण्यात द्यायची माहिती, सामान लिफ्टने चढवण्याचे पैसे. अकरा महिन्यांनी मालकाच्या मुलाचे लग्न ठरते, किंवा त्याला घर विकायचे असते, किंवा शेजारच्या इमारतीत पाच हजार जास्त भाडे मिळते असे त्याच्या कानावर येते, आणि हे सगळे दुसऱ्या पत्त्यावर नव्याने सुरू होते. जाताना रंगकामाच्या नावाने डिपॉझिटमधून किती रक्कम कापली जाईल, हेही मालकच ठरवतो. हा सगळा त्रासही ज्यांना घर मुळात मिळते त्यांचा. नाव मुसलमान असेल, स्वयंपाकघरात मासळी शिजणार असेल, राहणारी बाई एकटी असेल, तर कराराच्या आधीचीच पायरी चढता येत नाही, आणि नकाराचे कारण कोणी कागदावर लिहून देत नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर मालकांच्या स्वभावात शोधून भागणार नाही. एके काळी मुंबईतला भाडेकरू जवळजवळ अढळ होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरे मिळेनाशी झाली आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. तात्पुरता म्हणून आणलेला हा कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या चाळींत आणि इमारतींत ज्यांची बिऱ्हाडे होती त्यांना या कायद्याने शहराच्या मध्यभागी टिकवून धरले, हे त्याचे मोठे उपकार. कापड गिरण्यांचा कामगार भोंगा ऐकून पायी कामावर जाऊ शकत होता तो यामुळेही. पण चाळीस-पन्नास रुपये भाड्यात मालक इमारतीची डागडुजी करीना, तेव्हा जुन्या इमारतींची दुरुस्ती करण्यासाठी १९६९ मध्ये उपकर लावून सरकारला वेगळे मंडळ स्थापावे लागले. तरी इमारती पडतच राहिल्या. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. भाड्यातून न मिळणारा पैसा पागडीच्या, म्हणजे खोलीचा ताबा देताना घेतल्या जाणाऱ्या एकरकमी पैशाच्या, रूपाने टेबलाखालून फिरू लागला. मालकांनी पळवाट म्हणून भाडेकराराऐवजी लिव्ह अँड लायसन्स करायला सुरुवात केली, तर १९७३ मध्ये कायदा बदलून त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही संरक्षित भाडेकरू ठरवण्यात आले. एका रात्रीत आपले घर आपले न उरल्याचा अनुभव मालकांच्या एका पिढीने घेतला आणि पुढच्या पिढ्यांना सांगितला. आजही ओळखीच्या माणसाला घर देऊ नये, असे सांगणारे आजोबा भेटतात ते या आठवणीतूनच बोलत असतात.

त्या भीतीला आज कायद्यात आधार नाही, ही यातली गंमत आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपताच घर परत मिळवण्याची वेगळी, जलद वाट मालकाला दिली. मुदतीनंतर अडून बसणाऱ्याकडून दुप्पट रक्कम वसूल करण्याचीही तरतूद केली. याच कायद्याने असे करार लेखी करणे व नोंदवणे बंधनकारक केले. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या जुन्या नियमामुळे अकरा महिन्यांची प्रथा पडली होती. आता एका महिन्याचा करारही नोंदवावाच लागतो, तेव्हा अकरा या आकड्याला काही अर्थ उरलेला नाही. मुद्रांक शुल्काचा पाव टक्क्याचा दर तर साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना लागू आहे. म्हणजे मालकाच्या हक्काला जराही धक्का न लावता पाच वर्षांचा, दरवर्षी ठरावीक टक्के भाडेवाढीचा करार आजच करता येतो. तो फारसा कोणी करत नाही, कारण दलालाची कमाई दरवर्षी नव्या करारात असते, मालकाला भाव वाढला तर हात मोकळे हवे असतात आणि भाडेकरूला तसे मागता येते हे माहीतच नसते.

देशभरच्या शहरांत चित्र साधारण असेच आहे. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत नोंदवल्याप्रमाणे शहरांतल्या घरांपैकी भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ पर्यंत २८ टक्क्यांवर आला. त्याच २०११ च्या जनगणनेत शहरी भारतात एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. घरे नाहीत म्हणून भाव चढे आहेत, हे अर्धेच खरे. गुंतवणूक म्हणून घेतलेले आणि कुलूप लावून ठेवलेले घर मालकाला भाडेकरूपेक्षा सोयीचे वाटते, हे उरलेले अर्धे.

याची किंमत शहराच्या टोकाला राहणारी माणसे मोजतात. ज्यांना मालकीशिवाय स्थैर्य मिळत नाही आणि मुंबईत मालकी परवडत नाही, ते मालकी परवडेल तिथपर्यंत रेल्वेच्या रुळांवरून सरकत जातात. दादरहून डोंबिवली, डोंबिवलीहून बदलापूर, पश्चिमेला विरार, हार्बरवर पनवेल. बदलापूरहून सीएसएमटीला रोज ये-जा करणाऱ्याचे तीन तास तरी गाडीत जातात, आणि तेही दारात लटकत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले तेव्हा चर्चा दारे बंद करायची की नाही यावर झाली. एवढी माणसे एवढ्या लांबून का येतात, यावर फारशी झाली नाही. नोकरी अंधेरीत आणि घर बदलापुरात असणाऱ्या जोडप्यापैकी बहुधा बाईच आधी नोकरी सोडते, हे त्या गाड्यांतून प्रवास करणाऱ्या कोणालाही विचारावे. घर स्वतःचे असल्यामुळे नोकरीच्या मागे जाताही येत नाही. कर्ज चालू असताना विकायचे तर लाखांचे मुद्रांक शुल्क पाण्यात जाते, आणि भाड्याने द्यायचे तर भाडे हप्त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही.

सरकारने या बाबतीत काय केले, हा भाग मला सर्वांत जास्त खटकतो, कारण मुंबईत सार्वजनिक भाड्याच्या घरांची परंपरा देशात सर्वांत जुन्यांपैकी आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले, आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतरच्या गृहनिर्माण मंडळानेही कामगारांसाठी भाड्याच्या वसाहती बांधल्या. पुढे मात्र एकामागून एक वसाहत रहिवाशांच्या मालकीची होत गेली आणि १९७७ मध्ये आलेल्या म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, ओळख मुख्यतः घरे विकणारी संस्था अशीच झाली. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. ती मधेच गुंडाळली गेली आणि पनवेलजवळ कोन येथे बांधलेली भाड्याची घरे शेवटी गिरणी कामगारांना मालकीने देण्यात आली. गिरणी कामगारांचा घरावरचा हक्क निर्विवाद आहे; ज्यांच्या घामाच्या जमिनीवर मॉल उभे राहिले त्यांना पनवेलच्या पलीकडे दोन खोल्या मिळणे हा न्यायही अर्धामुर्धाच. पण भाड्यासाठी बांधलेले घर शेवटी विकलेच जाते, हा नियमच होऊन बसला आहे. २०२४ च्या म्हाडाच्या मुंबई सोडतीत २,०३० घरांसाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले. ज्याचा नंबर लागतो त्याला बाजारभावापेक्षा स्वस्त मालमत्ता मिळते, ती काही वर्षांनी त्याला बाजारभावाने विकता येते, आणि सार्वजनिक जमिनीतून निर्माण झालेली स्वस्ताई एकाच कुटुंबाच्या खात्यात जमा होऊन संपते. ज्यांचा नंबर लागत नाही त्यांना अर्जासोबत भरलेली रक्कम परत मिळते आणि पुढच्या वर्षीच्या सोडतीची जाहिरात.

मालकीच्या आधी टिकाऊ भाडेकरार हवेत, या म्हणण्याला खरा वजनदार आक्षेप एकच आहे, आणि तो घराघरांतल्या वडीलधाऱ्यांचा आहे: निवृत्तीनंतर पगार थांबतो, भाडे थांबत नाही; तेव्हा काय करणार? हप्ता हीच मध्यमवर्गाची सक्तीची बचत आहे, आणि फरकाचे पन्नास हजार दरमहा न चुकता गुंतवणारी शिस्त किती जणांत असते? हा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा तरी. ज्याला नोकरीचा भरवसा आहे, एका जागी राहायचे आहे आणि हप्ता मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो, त्याने घर घ्यावे; त्याला भाड्याचे गोडवे सांगणे हा शहाजोगपणा होईल. पण मुंबईत अशी कुटुंबे किती? वरच्या उदाहरणातला हप्ता मिळकतीच्या निम्म्यात बसवायचा तरी हातात महिना पावणेदोन लाख यावे लागतात. बाकीच्यांच्या बाबतीत म्हातारपणाची तरतूद म्हणून घेतलेले घर तारुण्यातली वीस वर्षे खाऊन टाकते, आणि मालकीनेही स्थैर्य मिळतेच असे नाही. अर्धवट सोडलेल्या प्रकल्पांत पैसे अडकून भाडे आणि हप्ता दोन्ही भरणारी कुटुंबे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारे महारेरा प्राधिकरण आल्यावरही आपल्या आसपास आहेत. पुनर्विकासात चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या कुटुंबाला पाचशे चौरस फुटांपर्यंत मालमत्ता कर माफ असतो खरा, पण जिथे पूर्वी शे-दोनशे रुपयांत महिना निघत होता तिथे लिफ्ट, पंप आणि सुरक्षारक्षकांचा मेंटेनन्स हजारांत येतो. मग गिरगाव-लालबागची खोली विकून किंवा भाड्याने देऊन वसई-विरार गाठणारी मराठी कुटुंबे मालक म्हणूनच शहराबाहेर पडतात. एके काळी भाडेकरू म्हणून ती शहरात टिकली होती, ही गोष्ट मराठी माणसाच्या मुंबईतल्या टक्क्याबद्दल भाषणे करणाऱ्यांनी जरा विचारात घ्यावी.

तेव्हा १९४७ चा कायदा परत आणा, असे मी म्हणत नाही. मुंबईने गेल्या ऐंशी वर्षांत दोन टोके पाहिली: आधी भाडे गोठलेले आणि भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या हलवता न येणारा, मग भाडे मोकळे आणि भाडेकरू अकरा महिन्यांचा पाहुणा. मधली जागा कोणी रिकामी करायला सांगितली नव्हती. राहत्या घराचा करार निदान तीन वर्षांचा असावा, या काळात भाडेवाढ करारात लिहिलेल्या टक्क्यांपलीकडे जाऊ नये, मालकाला स्वतः राहण्यासाठी घर हवे असेल तर सहा महिन्यांची नोटीस द्यावी आणि मुदतीनंतर त्याचा घर परत घेण्याचा हक्क आजच्याइतकाच पक्का राहावा, एवढी तरतूद पुरेशी आहे. २०२१ मध्ये केंद्राने राज्यांसाठी तयार केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित केले आहे. तेवढी मर्यादा घालायला फार धाडस लागू नये. गृहनिर्माण संस्थांनी भाड्याने दिलेल्या घरावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) घेऊ नये, हा सरकारी आदेश २००१ पासून आहे. त्याच धर्तीवर धर्म, खाणे किंवा वैवाहिक स्थिती पाहून भाडेकरू नाकारणाऱ्या सोसायट्यांवर सहकार खात्याच्या उपनिबंधकाला कारवाई करता आली पाहिजे. वर्षभर रिकाम्या राहणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या घरावर मालमत्ता कर वाढवला की कुलपे आपोआप निघू लागतील. मालकाने घाबरून घर भाड्याने देणेच बंद करू नये, म्हणून ही कराची काठी आणि मुदतीनंतर घर परत मिळण्याची वर सांगितलेली खात्री दोन्ही बरोबरच यायला हवीत.

राहिला सरकारी घरांचा प्रश्न. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणात विद्यार्थी, नोकरदार स्त्रिया आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे. म्हातारपणाच्या आक्षेपाला थेट भिडणारी ही गोष्ट आहे, पण एमएमआरडीएच्या योजनेचे जे झाले ते पाहता केवळ उल्लेखावर विसंबून चालणार नाही. ही घरे पुढे कधीही विकता येणार नाहीत, असे कायद्यातच लिहावे लागेल. सुरुवात करायला जागाही समोर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या, मोफत आणि मालकीने. तीन-चार पिढ्या तिथे काढलेल्यांना ते मिळालेच पाहिजे होते. पण त्याच सरकारी जमिनीवर प्रकल्पाचा खर्च भरून काढण्यासाठी म्हाडा खुल्या बाजारात विकण्याची घरेही बांधणार आहे. त्यांतली निदान चौथाई घरे म्हाडाने स्वतःच्या नावावर ठेवावीत आणि मिळकतीच्या प्रमाणात भाडे आकारून, दर पाच वर्षांनी मिळकत तपासून, परिचारिका, शिक्षक, बेस्टचे चालक यांना द्यावीत. विक्रीतून एकरकमी येणारा पैसा तेवढा कमी होईल. त्याच्या बदल्यात वरळीसारख्या ठिकाणची जमीन सरकारच्या हातात राहील आणि भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघत राहील. तोटा नेमका किती होतो, हे म्हाडाने विक्रीची जाहिरात काढण्याआधी आकड्यांनिशी लोकांपुढे मांडावे.